मिस्सा ही स्वर्गाची पावती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ नोव्हेंबरच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत कॅथलिक समाजाच्या मृतस्मरणाविषयी आलेला लेख वाचला. दफनभूमीतल्या मेणबत्त्यांचे छायाचित्र सुरेख होते आणि लेखकाच्या मनात आमच्याविषयी आपुलकी आहे, हेही जाणवले. तरीही त्या लेखातील तीन विधानांमुळे आमच्या परिसरात बरीच कुजबुज झाली. पहिले विधान असे की हा दिवस म्हणजे कॅथलिकांचा पितृपक्ष. दुसरे असे की मृताच्या नावाने पैसे भरून मिस्सा (ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण करणारा आमचा मुख्य उपासनाविधी) ठेवली की त्याचा आत्मा नरकातून सुटून स्वर्गात जातो. तिसरे असे की या प्रथेला बायबलात काहीही आधार नसून मध्ययुगातील धर्मगुरूंनी ती उत्पन्नासाठी सुरू केली. यातले पहिले अर्धे खरे आहे, दुसरे सपशेल चूक आहे, आणि तिसऱ्याचे उत्तर एका ओळीत देता येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र लांबले आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण गेली अकरा वर्षे मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयात मिस्सांची नोंदवही सांभाळते आहे, त्यामुळे लोक मृतांसाठी नेमके काय मागतात हे रोज माझ्यासमोर लिहिले जाते. वहीत तारीख, वेळ, कोणासाठी, कोणी ठेवली आणि अर्पण असे रकाने आहेत, आणि शेवटच्या ‘झाली’ या रकान्यात मिस्सा झाल्यावर फादर सही करतात. अशी वही ठेवणे ही आमची हौस नाही; चर्चच्या कायद्याने धर्मग्रामावर घातलेले ते बंधन आहे. ‘कोणासाठी’ या रकान्यात बहुतेकदा आईवडिलांची, नवऱ्याची, कधी लेकराची नावे असतात. एक वृद्ध भाजीवाल्या मावशी मात्र दादरच्या बाजाराहून परतताना महिन्यातून एकदा पायरीवर टोपली ठेवून आत येतात आणि दर वेळी एकच हेतू लिहायला सांगतात: “ज्यांच्यासाठी कोणीच मागत नाही, त्यांच्यासाठी.” भाजीवर शिंपडलेल्या पाण्याने त्यांच्या नोटा ओल्या झालेल्या असतात, त्या मी टेबलावर पसरून पंख्याखाली वाळवते.

त्या नोटांवरूनच पैशाचा प्रश्न आधी घेते, कारण लेखातला खरा रोख तिकडेच आहे. मिस्सेसोबत दिले जाणारे अर्पण ही मिस्सेची किंमत नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ग्रंथात, याविषयी स्पष्ट कलमे आहेत. अर्पणाची रक्कम त्या प्रांतातले बिशप ठरवतात आणि धर्मगुरूला त्याहून जास्त मागता येत नाही. ज्यांना काहीच देणे शक्य नाही अशा गरिबांच्या हेतूसाठीही मिस्सा अर्पण करावी अशी आग्रहाची शिफारस आहे. वर्षभरात जेवढ्या मिस्सा स्वतः अर्पण करता येतील त्याहून जास्त अर्पणे कोणा धर्मगुरूने स्वीकारायची नाहीत. आणि या व्यवहारात व्यापाराचा नुसता भासही असता कामा नये, असे शब्द तिथे आहेत. २ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. पहिल्या महायुद्धात माणसे हजारोंनी मरत असताना पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१५ च्या ऑगस्टमध्ये ती जगभरच्या धर्मगुरूंना दिली. त्यांपैकी एकाच मिस्सेचे अर्पण धर्मगुरूला घेता येते. दुसरी मिस्सा सर्व मृत भाविकांसाठी असते आणि तिसरी पोपच्या हेतूंसाठी, आणि त्या दोन्हींसाठी एक पैसाही घ्यायचा नाही. उत्पन्नासाठी काढलेल्या प्रथेत वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी असा नियम कोणी केला असता का?

इतिहासात या नियमांना हरताळ फासला गेला, हे मी नाकारत नाही. सेंट पीटर बासिलिकेच्या बांधकामासाठी जर्मनीत इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या दंडातली माफी, जवळपास विकली जात होती. नाणे पेटीत खणखणले की आत्मा वर उडाला, या थाटाचा तो प्रचार होता, आणि १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध जे लिहिले त्यातला राग रास्त होता. लेखकाने मात्र गोष्ट तिथेच सोडली आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये शुद्धिस्थानाविषयीची, म्हणजे मरणानंतरच्या शुद्धीच्या अवस्थेविषयीची, श्रद्धा कायम ठेवली आणि त्याच ठरावात बिशपांना बजावले की भोळ्या लोकांसमोर प्रवचनात नसते सूक्ष्म प्रश्न उकरू नयेत, आणि ज्याला कुतूहलाचा, अंधश्रद्धेचा किंवा हीन कमाईचा वास येतो ते सारे बंद करावे. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, पोप पाचवे पायस यांनी पैशांशी जोडलेल्या सगळ्या इंडल्जन्स रद्द केल्या. म्हणजे लेखकाने ज्या रोगाबद्दल आज आम्हाला बोल लावला आहे, त्याचे निदान चर्चने स्वतःच साडेचारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

रोग पुरता गेला आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. एकाच मिस्सेत वीस-पंचवीस नावे हजेरीपटासारखी वाचली जातात. कुठे कुठे तर मृताच्या नावामागोमाग मिस्सा ठेवणाऱ्या कुटुंबाचे नावही वाचले जाते, आणि ते राहून गेले तर माणसे कार्यालयात भांडायला येतात. अनेकांची अर्पणे एकत्र करून एक मिस्सा अर्पण करायची असेल तर देणाऱ्यांना तसे आधी सांगून त्यांची संमती घ्यावी आणि धर्मगुरूने एकाच मिस्सेपुरते अर्पण ठेवून उरलेले बिशपांनी नेमलेल्या कामासाठी द्यावे, असे १९९१ च्या रोमच्या आदेशात सांगितले होते. पण हे वेदीवरून किती वेळा समजावून सांगितले गेले? बाहेरच्या माणसाचा गैरसमज झाला तर तो निम्मा आमच्या पदरचा आहे.

आता मूळ श्रद्धेकडे येते. मिस्सेने आत्मा नरकातून सुटतो, असे कॅथलिक चर्चने कधीही शिकवलेले नाही. मरणाच्या क्षणीच प्रत्येकाचा न्याय होतो आणि तो फिरत नाही. नरकातल्यासाठी प्रार्थनेचा उपयोग नाही आणि स्वर्गातल्याला तिची गरज नाही. प्रार्थना आहे ती देवाच्या कृपेत, त्याच्या मैत्रीत मेलेल्या, पण अजून पुरत्या निर्मळ न झालेल्या माणसांसाठी. त्यांचे तारण निश्चित आहे, फक्त देवासमोर उभे राहण्यापूर्वीची शुद्धी बाकी आहे. या अवस्थेला आम्ही शुद्धिस्थान म्हणतो, आणि गोव्याच्या कोकणीत तिला पुर्गातोर म्हणतात. तेव्हा हा तुरुंग नव्हे आणि नरकाची धाकटी पातीही नव्हे. जिनोआच्या संत कॅथरिन, ज्या १५१० मध्ये वारल्या, त्यांनी तर म्हटले आहे की स्वर्गातल्या आनंदाखालोखाल आनंद असेल तर तो तिथल्या आत्म्यांचा, कारण त्यांच्या वेदनेबरोबरच देवाची जवळीकही वाढत जाते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आपल्या परिपत्रकात काही धर्मपंडितांचे असे मत दिले आहे की जाळणारी आणि वाचवणारी ती आग म्हणजे स्वतः ख्रिस्तच. त्याच्या नजरेला नजर भिडते तेव्हा आपल्यातले खोटे जळून जाते, आणि हा क्षण किती लांब, हे आपल्या घड्याळाने मोजता येत नाही.

“पाप एकदा माफ झाले, मग शुद्धी कसली?” असे वर्गातली मुले मला विचारीत, तेव्हा मी त्यांना बांधाचे उदाहरण देत असे. दोन भावांच्या वाड्या शेजारी शेजारी आहेत. धाकटा दर पावसाळ्याआधी थोरल्याचा बांध वीतभर कोरतो. दहा वर्षांनी त्याला पश्चात्ताप होतो, तो भावाच्या पाया पडतो, आणि थोरला त्याला उठवून पोटाशी धरतो. माफी झाली, तीही खरी झाली. पण बांध अजून तिथेच आहे, दहा वर्षांचे केळीचे उत्पन्न या वाडीतून त्या वाडीत गेलेले आहे, आणि कुदळ हातात आली की मनगट आपोआप त्याच बाजूला वळते. माती परत ओढायला हवी आणि मनगटही सरळ व्हायला हवे, हे काम माफीने टळत नाही. उलट माफी मिळाली म्हणूनच ते मनापासून करता येते. आता धाकटा ते अर्धे टाकून मेला असेल तर? त्याच्या वाटची माती टाकायला त्याची मुले आली, शेजारी आले, ज्याचा बांध कोरला गेला तो थोरला भाऊ स्वतः घमेले घेऊन आला, तर त्यांना कोण अडवणार? संतांचा समागम असे ज्याला आमच्या श्रद्धांगीकारात, म्हणजे आम्ही म्हणतो त्या श्रद्धेच्या घोषणेत, म्हटले आहे, ते मुलांना मी असे सांगत असे. मरणाने माणूस त्या समागमातून वजा होत नाही, म्हणून आमचे घमेले त्याच्यापर्यंत पोचते. मृतांसाठीच्या आमच्या साऱ्या प्रार्थनांना आधार हाच आहे.

तिसऱ्या विधानाबद्दल आधी एक निरीक्षण नोंदवते. मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या लेखणीतून. ही सारी थोर माणसे, पण सगळी प्रोटेस्टंट. ख्रिस्ती म्हटले की मराठी मनासमोर टिळकांचे घर उभे राहते आणि त्या घरात मृतांसाठी मिस्सा नाही. या परंपरेतल्या मराठी बायबलात सहासष्ट पुस्तके असतात आणि कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर. मृतांसाठीच्या प्रार्थनेचा सर्वांत स्पष्ट उल्लेख ज्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे, तो नेमका त्या सात जादा पुस्तकांपैकी आहे. त्यामुळे लेखकाने हाताशी असलेले बायबल चाळले असेल तर त्यांना तो सापडला नसणार, यात त्यांचा दोष नाही.

त्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातला प्रसंग असा आहे. यहुदी सेनापती यहूदा मक्काबी लढाईनंतर आपल्या पडलेल्या शिपायांची प्रेते उचलायला जातो, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली यामनिया नगरातल्या मूर्तींचे ताईत सापडतात. ज्या देवासाठी ते लढले त्याच्याशीच त्यांनी आतून प्रतारणा केलेली असते. यहूदा त्यांना टाकून देत नाही. तो सैन्यातून वर्गणी गोळा करून चांदीच्या दोन हजार द्राख्मा पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो, आणि ग्रंथकार म्हणतो की मेलेले पुन्हा उठतील अशी आशा नसती तर मृतांसाठी प्रार्थना करणे व्यर्थ ठरले असते. ही गोष्ट ख्रिस्तापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली आहे, म्हणजे ‘मध्ययुगीन धर्मगुरूं’च्या कितीतरी आधीची. मृतांसाठी प्रार्थना आजही यहुदी करतात. आपल्या रायगडमधील बेने इस्राएल कुटुंबांत वडील गेले की मुलगा अकरा महिने कद्दीश म्हणतो, आणि त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दही नाही, आहे ती फक्त देवाची स्तुती. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शुद्धिस्थानाची आमची मांडणी मान्य करीत नाहीत, तरी मृतांसाठी प्रार्थना तेही करतात. प्रोटेस्टंट बांधवांचा आक्षेप मला समजतो. ख्रिस्ताचे बलिदान एकदाच आणि पुरेसे झाले, त्यात आपण काय भर घालणार, असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की भर घालत नाही. मिस्सेत त्याच एका बलिदानापाशी मृताला घेऊन उभे राहतो.

या संदर्भात मला सदैव आठवते ती मोनिका, संत ऑगस्टीनची आई. आफ्रिकेतली ही बाई इ. स. ३८७ मध्ये मुलांबरोबर घरी परतायला निघाली असता रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तापाने आजारी पडली. नवऱ्याशेजारी पुरले जावे म्हणून तिने गावी जागा राखून ठेवली होती, त्यामुळे परक्या मुलखात मरण येऊ नये असे ऑगस्टीनचा भाऊ म्हणू लागला. तिने त्याला गप्प केले. हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, एवढेच मागते की तुम्ही कुठेही असलात तरी प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, अशा अर्थाचे तिचे बोलणे ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. तेव्हा ती छप्पन्नाव्या वर्षात होती. दफनभूमीच्या दारात मेणबत्त्या विकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून हे कोणी रचले नव्हते. आज आमच्या वहीत कुवेतहून, कॅनडाहून फोनवर पाठवलेली नावे असतात. ज्यांना आईच्या कबरीवर फूल ठेवायला येता येत नाही त्यांची. ओस्तियाचे ते मागणे मला रोज असे लिहावे लागते.

दिवसांच्या हिशेबाबद्दलही, म्हणजे अमुक प्रार्थनेला अमुक दिवसांची माफी या मोजणीबद्दलही, लेखात एक टोमणा आहे आणि तो अगदीच निराधार नाही. माझ्या आजीच्या प्रार्थनापुस्तकात काही प्रार्थनांखाली ‘३०० दिवस’ असे छापलेले असे, आणि तिसरी-चौथीत असताना मी वहीच्या मागच्या पानावर त्या दिवसांची बेरीज करून आजोबा कधी सुटतील याचा हिशेब मांडला होता. आजीने तो पाहिला आणि पान फाडून चुलीत घातले. त्या आकड्याचा अर्थ शुद्धिस्थानातले तीनशे दिवस कमी होणे असा कधीच नव्हता. प्राचीन चर्चमध्ये पाप्याला जाहीर प्रायश्चित्त करावे लागे, त्या प्रायश्चित्ताच्या तीनशे दिवसांइतकी माफी, असा तो होता. पण हे माहीत असणारे थोडे आणि माझ्यासारखी बेरीज करणारे फार, हे ओळखून पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवस आणि वर्षे मोजण्याची पद्धतच काढून टाकली. आज १ ते ८ नोव्हेंबरमध्ये दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, आणि त्यासोबत पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून सोडणे या अटी पाळल्या, तर मिळणारी पूर्ण माफी मृतांच्या नावे अर्पण करता येते. शेवटची अट वाचून पाहावी. इतर तीन अर्ध्या तासात उरकतील, ही जन्मभर पुरेल. २०२० मध्ये साथीमुळे दफनभूमीत गर्दी होऊ नये म्हणून रोमने या आठ दिवसांची सवलत नोव्हेंबरच्या पूर्ण महिन्यापर्यंत वाढवली होती.

मोजणीवरून तीस मिस्सांची प्रथाही सांगते, कारण लेखात तिला ‘पॅकेज’ म्हटले आहे. सलग तीस दिवस एकाच मृतासाठी मिस्सा अर्पण करण्याची ही प्रथा पोप ग्रेगरी यांच्या नावाने ओळखली जाते. पोप म्हणून त्यांचा काळ इ. स. ५९० ते ६०४. त्यांनी सांगितलेली कथा अशी की त्यांच्या मठातला वैद्य असलेला जस्टस नावाचा संन्यासी मरणपंथाला लागला असता त्याच्या औषधांत दडवलेली तीन सोन्याची नाणी सापडली. मठात कोणी स्वतःचे काही ठेवायचे नाही, असा नियम होता. ग्रेगरींनी त्याला उकिरड्याशेजारी पुरायला लावले आणि नाणी त्याच्याबरोबर खड्ड्यात टाकली. पण महिन्याभराने त्यांचे मन द्रवले आणि त्यांनी त्याच्यासाठी रोज मिस्सा अर्पण करायला सांगितले. दिवस कोणीच मोजत नव्हते. एके रात्री जस्टस आपल्या भावाला दिसला आणि म्हणाला की आजवर वाईट होतो, आता बरा आहे. तेव्हा मठवासीयांनी हिशेब केला तो तिसावा दिवस निघाला. कथा अक्षरशः खरी मानावी असा कोणताही आग्रह चर्चचा नाही. मला तिच्यात गंमत वाटते ती वेगळीच: ज्या प्रथेला पैशाचा खेळ म्हणतात, तिच्या मुळाशी पैसा लपवल्याबद्दलची शिक्षा आहे.

राहिले पितृपक्षाचे साम्य. ते लेखकाला दिसले यात नवल नाही, मलाही दिसते. गेलेल्यांचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव दोन्हीकडे आहे. तर्पणातही ज्यांना ना माता, ना पिता, ना बंधू, अशांच्या तृप्तीसाठी ओंजळ सोडली जाते असे माझ्या एका ब्राह्मण सहकारी शिक्षिकेने मला मंत्रासह सांगितले होते, तेव्हा मला आमच्या भाजीवाल्या मावशी आठवल्या होत्या. पण पुढे वाटा वेगळ्या होतात. आम्ही मृताला अन्न-पाणी पोचवत नाही, तो नाराज होऊन घराला त्रास देईल असे मानत नाही, आणि त्याच्याशी बोलण्याचा प्रयत्न करणे तर आम्हाला निषिद्ध आहे. हे काम वंशाकडून वंशाकडे जात नाही. मूलबाळ नसलेल्या सिस्टरसाठी तिची विद्यार्थिनी प्रार्थना करते ती मुलीइतकीच. आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो कॅथलिकच हवा, असेही नाही. जिवंत वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक धर्मगुरूला आहे, आणि मिस्सेच्या चौथ्या महाप्रार्थनेत तर ‘ज्यांची श्रद्धा केवळ तुलाच ठाऊक होती’ अशा सर्व मृतांची आठवण केली जाते. वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेच्या यजमानांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून आमच्या वहीत तीन वर्षे आहे. श्राद्ध त्यांच्या घरी होते, आणि सकाळी साडेसहाच्या मिस्सेला त्या मागच्या बाकावर बसलेल्या असतात.

नाव वाचले गेले नाही तर मिस्सा वाया जाते का, हेही मला अनेकदा विचारले जाते. माझ्या वडिलांच्या वर्षाच्या मिस्सेला धर्मगुरूंनी त्यांचे नाव चुकीचे वाचले, भलतेच आडनाव लावून. आईने त्या दिवशी दुपारपर्यंत पाणीही घेतले नाही. “त्या दुसऱ्याला मिळालं असेल का गं सगळं?” असे तिने मला विचारले, आणि मी, धर्मशिक्षण शिकवणारी बाई, गप्प बसले. संध्याकाळी तिने स्वतःच उत्तर काढले: “त्यालाही लागतच असेल.” आणि मग ती जेवली.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय पत्र संपवता येत नाही. कार्यालय बंद होण्याच्या वेळी, बाकी सगळे गेल्यावर, कधीतरी कोणीतरी आत येते आणि खालच्या आवाजात विचारते, ज्याने स्वतःचे जीवन संपवले त्याच्यासाठी मिस्सा ठेवता येते का. या प्रश्नामागे पिढ्यांची भीती आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरलेला नाही. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की तीव्र मानसिक वेदना किंवा भय माणसाची जबाबदारी कमी करू शकते. अशा माणसांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. न्याय मरणाच्या क्षणीच होतो असे मी वर लिहिले, ते इथे आमच्या उपयोगी पडते. त्या क्षणाच्या आत काय घडले ते पाहायला आपल्यापैकी कोणीही नव्हते. मी त्या माणसांना ग्रंथातला तो उतारा वाचून दाखवत नाही. वही उघडते, नाव विचारते आणि सकाळची वेळ हवी की संध्याकाळची, तेवढे विचारते.

लेखात काय दुरुस्त व्हावे, त्याबद्दल माझ्या फक्त दोन विनंत्या आहेत. मिस्सेने आत्मा नरकातून सुटतो हे वाक्य कॅथलिक श्रद्धा म्हणून छापले गेले आहे. ती आमची श्रद्धा नाही, एवढी एक ओळ पुढच्या रविवारी द्यावी. आणि छायाचित्राखाली ‘आत्म्यांना प्रसन्न करण्यासाठी लावलेल्या मेणबत्त्या’ असे आहे, तिथे ‘मृतांसाठी देवाकडे प्रार्थना करताना लावलेल्या मेणबत्त्या’ असे हवे. जागा कमी पडत असेल तर पहिली दुरुस्ती घ्यावी. दुसरीचे मी लेखकांना स्वतंत्रपणे कळवले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वसई, जि. पालघर